पेन्सिलबाईंची नऊ मिनिटं

संसदेच्या त्या इमारतीत त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. हजेरीपुस्तकात नाव होतं तेवढंच. दारावरच्या शिपायापासून थेट अध्यक्षांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, पेन्सिलबाई. त्याला कारणही तसंच होतं. सभागृहात जे जे बोललं जाई ते लघुलिपीत उतरवून घेणाऱ्या सहा प्रतिवेदकांत त्या एकट्या बाई, आणि बाकीचे पाचजण शाईच्या पेनाने लिहीत असताना या मात्र पेन्सिलने लिहायच्या. शाई वेळेवर दगा देते, असं त्यांचं मत होतं. रोज सकाळी घरून निघताना त्या चार पेन्सिलींना टोक काढत. त्यांच्या नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान होतं. तो म्हणायचा, "माझ्या दुकानातली कात्री इतकी धारदार असती तर मी कुठल्या कुठे गेलो असतो."

काम ऐकायला सोपं, करायला घाम काढणारं. अध्यक्षांच्या उंच खुर्चीच्या पायथ्याशी एक लांबट टेबल. तिथे पाच मिनिटं बसायचं आणि कानावर पडेल ते जाड-बारीक रेघांत आणि ठिपक्यांत पकडायचं. पाच मिनिटं झाली की मागून दुसरा येऊन शेजारी टेकायचा. त्याने लिहायला सुरुवात केली की आपण उठायचं, जिना चढून वरच्या खोलीत जायचं, आणि वहीतल्या रेघांचं माणसांच्या भाषेत टायपिंग करायचं. ते होतंय न होतंय तोवर पुन्हा पाळी.

हे शिकल्या कुठे, तर लग्नानंतर, चपलांच्या दुकानावरच्या एका क्लासात. क्लासातले मास्तर मिनिटाला ऐंशी शब्द वाचून दाखवायचे आणि दमायचे. खरा सराव झाला तो घरी. सासूबाईंना बोलायचा भारी नाद. शेजारीण, जाऊ, नळाचं पाणी, गुडघा, पुन्हा शेजारीण, असं त्यांचं चक्र सुरू झालं की मिनिटाला दीडशे शब्द कुठे गेले नाहीत. मधे थांबा फक्त चहाच्या घोटापुरता. सूनबाईने वही उघडली आणि सासूबाईंची गाऱ्हाणी उतरवायला घेतली. सासूबाईंना आधी संशय आला. मग कळलं की सून आपलं बोलणं लिहून काढते आहे, तेव्हा त्या खूश झाल्या. "आजवर माझं कोणी ऐकलंसुद्धा नव्हतं. ही तर लिहून घेतेय!" मग काय, त्या मुद्दाम भराभर बोलायला लागल्या. संसदेतली परीक्षा एकशे चाळीस शब्दांची होती. पेन्सिलबाईंना ती संथ वाटली.

मुख्य प्रतिवेदक तेव्हा एक सुकलेले, टापटिपीचे गृहस्थ होते. सगळे त्यांना पाठीमागे स्वल्पविरामसाहेब म्हणत, कारण एका स्वल्पविरामासाठी त्यांनी एकदा एका मंत्र्याला अर्धा तास ताटकळत ठेवलं होतं. त्यांनी परीक्षेची वही तपासली. एक चूक शोधायची म्हणून तीनदा तपासली. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, इथे बायका टिकत नाहीत."

"आधी कोणी आल्या होत्या का, साहेब?"

"नाही."

"मग कसं कळलं?"

स्वल्पविरामसाहेबांनी चष्मा परत घातला आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

त्या टिकल्या. अकरा वर्षं झाली. त्या अकरा वर्षांत त्यांना सभागृह चेहऱ्यांपेक्षा आवाजांनीच जास्त ओळखीचं झालं. कोण खोकून सुरुवात करतो, कोणाचं वाक्य क्रियापदापर्यंत पोचतच नाही, कोण शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून बोलतो, सगळं त्यांना पाठ. आणखी एक गोष्ट लक्षात आली होती, पण ती त्या कोणाला बोलून दाखवत नसत. तीनशे बारा सभासदांत बायका होत्या अकरा. त्यातली एखादी बोलायला उभी राहिली की वहीत शब्दांपेक्षा 'अडथळा' हाच शब्द जास्त वेळा लिहावा लागे. त्यासाठी त्यांनी लघुलिपीत एक छोटीशी आकडी तयार केली होती. एवढा मोठा शब्द दर वेळी कोण लिहीत बसणार?

या अकराजणींना बसायला जागा दिली होती पुढच्या कोपऱ्यात, दुसऱ्या रांगेत, प्रतिवेदकांच्या टेबलाच्या अगदी डोक्यावर. मान म्हणून नव्हे. फोटो काढणारे समोरच्या सज्जात उभे राहत आणि तिथून तो कोपरा छान दिसायचा.

त्या वर्षी निवडून आलेल्यांत एक नर्सबाई होत्या. बुटक्या, रुंद बांध्याच्या, गावोगावच्या दवाखान्यांतून बावीस वर्षं बाळंतपणं केलेल्या. सभागृहातही लोक त्यांना सिस्टरच म्हणायचे. काहीजण प्रेमाने, बरेचसे चिडवायला. पहिले सात महिने त्या काही बोलल्या नाहीत. सगळ्यांनी ठरवून टाकलं की ही नुसती बसायला आली आहे.

मग ते विधेयक आलं. प्रत्येक पक्षाने निवडणुकीत तीनातली एक उमेदवारी बाईला द्यावी, एवढंच त्यात होतं. चर्चेत पुरुषच बोलत होते. बायकांचा किती आदर केला पाहिजे यावर दोन दिवस भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सबाईंचं नाव पुकारलं गेलं. वेळ, आठ मिनिटं. खुर्चीवर त्या दिवशी अध्यक्षांच्या जागी उपाध्यक्ष होते.

पेन्सिलबाई चार वाजून पाच मिनिटांनी टेबलावर येऊन बसल्या होत्या. नर्सबाई उठल्या तेव्हा चार-सहा झाले होते.

"अध्यक्ष महाराज," नर्सबाई म्हणाल्या, "मला भाषण येत नाही. मी मोजलेलं सांगते. बावीस वर्षांत माझ्या हातून जी मुलं जन्माला आली त्यांची नोंद मी ठेवली आहे. त्यात निम्म्या मुली होत्या. या सभागृहात तीनशे बाराजण आहेत. आम्ही अकरा. माझा प्रश्न एवढाच आहे की बाकीच्या मुली वाटेत कुठे गळाल्या?"

मग पहिल्या बाकावरच्या एका ज्येष्ठ सभासदाने तोंड उघडलं. भरघोस मिशा, भरदार आवाज, सहा वेळा निवडून आलेला माणूस. "सिस्टर, घरी दूध उतू जात असेल!" हशा झाला. त्यामागून दुसरा, मग तिसरा. बाकं वाजायला लागली. उपाध्यक्षांनी घंटा मारली. चार वाजून नऊ. घंटा झाली की ध्वनियंत्र सांभाळणाऱ्याने त्या बाकाचा माईक बंद करायचा अशी पद्धत, तसा त्याने केला. नर्सबाईंचा आवाज एकदम आटला. लांबच्या बाकांवर त्यांचे फक्त ओठ हलताना दिसत होते.

पण त्या खाली बसल्या नाहीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांची नजर खाली टेबलावर गेली. तिथे एक पेन्सिल चालत होती. त्या पेन्सिलीकडे बघत त्यांनी पुढचं वाक्य सुरू केलं.

पेन्सिलबाईंच्या मागे बदलीचा माणूस आला. लंबू म्हणत त्याला. पाच वर्षांपूर्वी लागलेला, सज्जन. शेजारी टेकून त्याने कान पुढे केला आणि कुजबुजला, "काही ऐकू येत नाही. गोंधळ लिहून मोकळं होऊ या. उठा तुम्ही."

पेन्सिलबाईंनी मान हलवली. उठल्या नाहीत. पहिल्या पेन्सिलीचं टोक गेलं, दुसरी घेतली. अकरा वर्षांत त्या पाच मिनिटांवर एक मिनिट बसल्या नव्हत्या. बोटांत कळा यायला लागल्या. वर नर्सबाई सांगत होत्या की रात्री दोनला बाळंतीण अडली तर माणसं बाईला शोधत येतात, तेव्हा कोणी विचारत नाही की हिला जमेल का. जिथे दवाखाना कुठे बांधायचा ते ठरतं तिथे मात्र तिला बसायला जागा नाही. आणि म्हणूनच आपल्या भागातला दवाखाना नदीच्या पलीकडे बांधला गेला, जिथे पावसाळ्यात होडीसुद्धा जात नाही. एका तरी बाईला विचारलं असतं तर तिने तिथल्या तिथे सांगितलं असतं.

चार वाजून चौदा मिनिटांनी नर्सबाई म्हणाल्या, "मी संपवते," आणि बसल्या. त्यानंतर उपाध्यक्षांनी पुढच्या सभासदाचं नाव पुकारलं. पेन्सिलबाई उठल्या तेव्हा त्यांचा उजवा हात पेन्सिल सोडायला तयार नव्हता. लंबूने एकेक बोट सोडवून ती काढली.

वरच्या खोलीत स्वल्पविरामसाहेब वाट बघत होते.

"टेपवर चार-नऊपासून नुसता आरडाओरडा आहे," ते म्हणाले. "'सभागृहात गोंधळ' एवढं लिहा आणि पुढे चला."

"माझ्याकडे सगळं आहे, साहेब."

"असेल. पण घंटा झाली होती."

"घंटा म्हणजे इशारा. नियम तुम्हीच शिकवलात. पुढचं नाव पुकारेपर्यंत बोलण्याचा हक्क ज्याचा त्याचा. पुढचं नाव चार-चौदाला पुकारलं. आणि त्यांना आठ मिनिटं दिली होती, घंटा तिसऱ्याच मिनिटाला मारली."

स्वल्पविरामसाहेबांनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. त्यांना ते तोंडपाठ होतं, तरी पान उघडून बोट ठेवून वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर दोन माणसं भांडत होती. एकाला बायकांच्या प्रश्नाचं काही सोयरसुतक नव्हतं, आणि दुसऱ्याला नियम मोडलेला खपत नव्हता. दुसरा जिंकला.

"टाइप करा," ते म्हणाले. "आणि 'बाळंतीण अडली तर' नंतर स्वल्पविराम द्या. विसरता तुम्ही."

तिसऱ्या दिवशी कार्यवाहीची छापील प्रत निघाली. चवथ्या दिवशी मिशीवाल्या सभासदांची लेखी तक्रार आली. एवढ्या गोंधळात बाजूच्या माणसाचं ऐकू येत नव्हतं, मग या बाईंना अख्खं भाषण कसं ऐकू आलं? बाईने बाईसाठी मनाने रचलेलं आहे, ते काढून टाकावं, आणि रचणाऱ्या बाईंनाही. दुसऱ्या दिवशी अकराला अध्यक्षांच्या दालनात वहीसकट हजर राहण्याचा निरोप आला.

त्या संध्याकाळी घरी पेन्सिलबाईंनी ताट तसंच बाजूला सारलं. नवरा त्यांच्या उजव्या हाताला तेल चोळत बसला. सासूबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"तू लिहिलंस ते ती बोलली होती की नाही?"

"बोलली होती, आई."

"मग घाबरतेस कशाला?"

"नोकरी जाईल."

"जाऊ दे गेली तर. घरी बस, माझं लिही. माझं बरंच राहिलंय."

पेन्सिलबाईंना हसू आलं आणि मग रडू. सासूबाईंनी पदराने सुनेचे डोळे पुसले. "वही घेऊन जा, आणि जे आहे ते वाच," त्या म्हणाल्या. "आवाज चढवू नकोस. आवाज चढवणाऱ्या बाईचं कोणी ऐकत नाही, मला विचार."

अध्यक्षांचं दालन मोठं होतं. गालिचा इतका जाड की आपण चाललो की नाही ते आपल्यालाच कळू नये. अध्यक्ष टेबलामागे, मिशीवाले खुर्चीत पाय पसरून, स्वल्पविरामसाहेब भिंतीशी ताठ, आणि एका बाजूला नर्सबाई, पर्स मांडीवर धरून. त्यांनाही बोलावलं होतं. दोघी बायका एकमेकींशी आजवर एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"बाई, तुमची वही वाचून दाखवा," अध्यक्ष म्हणाले.

"सगळी वाचू साहेब, की फक्त सिस्टरांचं?"

"सगळी."

पेन्सिलबाईंनी वाचायला सुरुवात केली. त्यांचा वाचायचा आवाज एकसुरी, सरळ, रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसा. नर्सबाईंचं वाक्य, मग, "ज्येष्ठ सभासद, पहिला बाक: सिस्टर, घरी दूध उतू जात असेल." पुन्हा नर्सबाईंचं वाक्य. "तेच सभासद: नवऱ्याला विचारून आलात का? तेच सभासद: अंगाई म्हणताय की भाषण करताय? तेच सभासद: हा हा हा."

"हे... हे हसणंसुद्धा लिहिलंय?" मिशीवाले म्हणाले.

"होय साहेब. तीनदा आहे. चार-दहा, चार-अकरा आणि चार-बारा."

अध्यक्षांनी रुमाल काढून नाकाला लावला आणि बराच वेळ तो खाली घेतला नाही. भर सभागृहात जे बोलणं झणझणीत वाटलं होतं ते त्या शांत खोलीत, त्या सपाट आवाजात, शिळ्या चहासारखं लागत होतं. मिशीवाल्यांनी पाय आवरून घेतले.

"हे सगळं कोणीही बनवू शकतं," ते म्हणाले, पण आवाज अर्धा झाला होता. "एवढ्या कालव्यात काही ऐकू येणं शक्य नाही. पुरावा काय?"

पेन्सिलबाईंनी एक पान उलटलं. घुटमळल्या. मग म्हणाल्या, "एक ओळ वहीत आहे, पण मी टाइप केली नाही, कारण ती सभागृहाला उद्देशून नव्हती. वाचू का?"

"वाचा," अध्यक्ष म्हणाले.

"चार वाजून तेरा मिनिटं. ज्येष्ठ सभासद, शेजारच्या सभासदांना, हळू आवाजात: बोलतेय फार छान. असल्या दहा आल्या तर आपली धडगत नाही."

ही ओळ त्या दोन सभासदांखेरीज कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मिशीवाल्यांचा चेहरा मिशांच्या मुळापर्यंत लाल झाला. नर्सबाई त्यांच्याकडे बघत होत्या. रागाने नाही, अंगावर पुरळ आलेल्या माणसाकडे नर्स बघते तशा.

मिशीवाले म्हणाले, "राहू द्या. भाषण राहू द्या."

"आणि तुमची वाक्यं?" स्वल्पविरामसाहेबांनी विचारलं. त्या खोलीत ते पहिल्यांदाच बोलले.

"त्यांचं... त्याऐवजी अडथळा असं लिहिता येईल का?"

"एकदा की सहादा?"

"एकदाच लिहा हो!"

अध्यक्षांनी तसा निर्णय दिला. बाहेर व्हरांड्यात आल्यावर स्वल्पविरामसाहेब पुढे निघून गेले, मग मागे फिरले आणि पेन्सिलबाईंना म्हणाले, "उद्यापासून नव्या मुलांना शिकवायचं काम तुमच्याकडे." म्हणजे त्यांच्या भाषेत ही मिठीच होती.

नर्सबाई मागे थांबल्या होत्या. "मला तुमचे आभार मानायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "आभार मानले तर लोक म्हणतील संगनमत होतं."

"बरोबर आहे."

"पण एक सांगते. त्या दिवशी घंटा झाली तेव्हाच मी बसणार होते. खाली बघितलं तर तुमची पेन्सिल थांबली नव्हती. म्हटलं, कोणीतरी ऐकतंय, आता बसले तर तिचं वाक्य अर्धवट राहील."

पेन्सिलबाई म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे शब्द झेलणाऱ्या बाई. स्वतःचे त्यांना चटकन सापडत नसत. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही 'आणि' फार वापरता. जरा कमी करा."

नर्सबाई अशा हसल्या की व्हरांड्याच्या टोकाचा शिपाई वळून बघायला लागला.

ते विधेयक पडलं. ते तसंच व्हायचं होतं. मतं आधीच मोजलेली होती. पण छापील कार्यवाहीची ती चार पानं नर्सबाईंनी काढून घेतली, त्यांच्या प्रती काढल्या आणि जिथे जिथे ओळखीच्या नर्स होत्या तिथे तिथे पाठवल्या. प्रसूतिगृहांच्या भिंतींवर, लसीच्या वेळापत्रकाशेजारी, ती पानं लागली. पुढच्या निवडणुकीत बायका निवडून आल्या एकोणीस. त्यातल्या दोघी नर्स होत्या, आणि एक त्या नदीपलीकडच्या दवाखान्याजवळची शाळामास्तरीण. पुढच्या कोपऱ्यात एकोणीसजणी मावेनात, म्हणून त्यांना सगळ्या सभागृहात विखरून बसवावं लागलं. फोटोवाल्यांची पंचाईत झाली. विधेयक मंजूर व्हायला मात्र नऊ वर्षं लागली. त्या दिवशी मिशीवाले मतदानाला आलेच नाहीत. दाढ दुखत होती म्हणे.

पेन्सिलबाईंनी पुढे सतरा मुली आणि नऊ मुलगे शिकवून तयार केले. स्वल्पविरामसाहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खुर्चीवर त्याच बसल्या. सासूबाई तोवर नव्हत्या. त्यांच्या बोलण्याच्या बावीस वह्या कपाटात आहेत, आणि त्या वाचता येणारं माणूस जगात एकच आहे. मुलगी म्हणते, "आई, त्या टाइप कर ना." पेन्सिलबाई म्हणतात, "त्यात तुझ्या काकूबद्दल जे आहे ते वाचलंस तर घरात कार्यवाही बंद पडेल."

निवृत्तीच्या आदल्या वर्षी संसदेने एक समिती नेमली. बायका सभागृहात कमी का बोलतात याचा शोध घ्यायला. समितीच्या अध्यक्ष नर्सबाई. साक्षीला प्राध्यापक आले, वकील आले, आणि शेवटी पेन्सिलबाईंना बोलावलं. अठ्ठावीस वर्षांत त्या इमारतीत त्यांचं स्वतःचं एकही वाक्य नोंदवलं गेलं नव्हतं. समोर टेबलाशी त्यांनीच शिकवलेली एक मुलगी वही उघडून बसली होती, आणि गुरूचं बोलणं लिहायचं म्हणून तिने चार पेन्सिलींना टोक काढून ठेवलं होतं.

"बायका कमी बोलतात असं तुम्हाला वाटतं का?" समितीतल्या एकाने विचारलं.

"नाही," पेन्सिलबाई म्हणाल्या. "त्यांना घंटा लवकर होते. माझ्या वह्या आहेत. पुरुषाला आठ मिनिटं दिली तर नवव्याला घंटा. बाईला आठ दिली तर सहाव्याला. मुद्दाम कोणी करतं असं मी म्हणत नाही. घंटा मारणाऱ्याला बाईचं बोलणं लांबल्यासारखं वाटतं, एवढंच." मग त्या थांबल्या, आणि समोरच्या मुलीला म्हणाल्या, "सावकाश बोलू का गं?"

मुलीने मान वर न करता नको म्हटलं.

सहा महिन्यांनी सभागृहात चारी भिंतींवर घड्याळं लागली. बोलणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि घंटेवर हात ठेवून बसणाऱ्याला, सगळ्यांना दिसतील अशी.

आता पेन्सिलबाई मुलीच्या घराजवळच्या बागेत सकाळी फिरायला जातात. नर्सबाईही येतात, गुडघे दोघींचे सारखेच दुखतात, त्यामुळे वेग जमतो. दोन फेऱ्या झाल्या की बाकावर बसून गप्पा होतात. आधी नर्सबाईच बोलायच्या आणि या ऐकायच्या. हल्ली कधी कधी पेन्सिलबाई सुरू होतात, जावेबद्दल, नळाबद्दल, शेजारणीबद्दल, आणि नर्सबाईंना मधे बोलायला जागाच मिळत नाही.